गुडघेदुखीचे जेल आणि नागपूरचा मे महिना

महोदय,

संधिवातावर नवे जेल तयार केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. कधी फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प असतो, कधी एखाद्या लहान कारखान्याचे उत्पादन. जेलमध्ये कोणते औषध किंवा कोणत्या झाडाचा अर्क आहे आणि उंदराच्या पायाची सूज किती टक्के उतरली, एवढे त्यात हमखास छापलेले असते. लावलेल्या जेलमधले औषध कातडीपलीकडे किती जाते, ट्यूब मे महिन्यात दुकानात पडून राहिली तर तिचे काय होते आणि माणसाने एका वेळी किती लावायचे, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. आम्ही हाच विषय शिकवतो, म्हणून ही बाजू थोडी सविस्तर मांडतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की जेलचा गुण त्यातल्या औषधाइतकाच, किंबहुना जास्त, त्याच्या बेसवर, म्हणजे औषध ज्यात मिसळतात त्या आधारद्रव्यावर, ठरतो आणि तो बेस आपल्याकडे नीट तपासला जात नाही.

आधी जेल हवेच कशाला, ते पाहू. गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या गोळ्यांनी दुखणे उतरते. पण जठराला व्रण, रक्तदाबात वाढ आणि मूत्रपिंडावर ताण ही त्यांची किंमत साठीनंतर जड जाते. डायक्लोफेनॅक सोडियमचे १ टक्क्याचे जेल एका गुडघ्याला रोज १६ ग्रॅम लावले तरी रक्तात पोचणारे औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच भरते. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी वरून लावायच्या वेदनाशामकाची ठाम शिफारस केली. हाताच्या सांध्यांसाठी शिफारस आहे, पण सौम्य. खुब्याचा सांधा मांसाखाली इतका खोल असतो की तिथे वरून लावलेल्याचा भरवसा धरता येत नाही. आमवातात जेलने एखाद्या सांध्याची कळ कमी होईल, पण रोगाची चाल रोखायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

आता बेसकडे वळू. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणारा आढावा) झिजेच्या संधिवातासाठी लावलेल्या डायक्लोफेनॅकचा सहा ते बारा आठवड्यांचा हिशेब दिला आहे. औषध असलेले जेल लावणाऱ्या १०० पैकी साधारण ६० जणांना चांगला आराम पडला आणि औषधाविना नुसता बेस लावणाऱ्या १०० पैकी साधारण ५० जणांना. चोळणे, थंडावा, दुखण्याची आपली आपली चढउतार, काहीतरी लावल्याचे समाधान, हे सगळे त्या ५० मध्ये आले. औषधाच्या वाट्याला उरले १०. आढाव्यात केटोप्रोफेनचे आकडे थोडे बरे आहेत, ६३ आणि ४८. बेस चुकला तर जातात ते हेच दहा-पंधरा लोक, आणि उरलेल्यांना आराम पडतच असल्यामुळे कारखानदारालाही ते कळत नाही. वाईट जेलसुद्धा निम्म्या गिऱ्हाइकांना आवडते, हा या धंद्यातला मोठा सापळा आहे.

कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर अवघा १० ते २० मायक्रॉन जाडीचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ; पण औषधाची वाट तोच अडवतो. त्या पेशींच्या मधली जागा चरबीने भरलेली असते. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठा रेणू तिथून सहजी जात नाही. डायक्लोफेनॅक २९६, केटोप्रोफेन २५४, आयबुप्रोफेन २०६, म्हणजे आकाराची अडचण नाही. खरा प्रश्न रेणूचा ओढा कुठे आहे याचा. तर्री-पोहे खाणाऱ्या नागपूरकराला हे फार समजावावे लागणार नाही. रश्श्याच्या पाण्यात तिखट कमी आणि वर तरंगणाऱ्या तर्रीत जास्त, कारण मिरचीतल्या कॅप्सेसिनचा ओढा तेलाकडे असतो. जेलमधले औषधही त्याला जिथे मानवते तिथे मुक्काम ठोकते. बेसमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रावक भरमसाट घातले आणि औषध त्यात छान विरघळून बसले, की ते कातडीत उतरायला राजी होत नाही. औषध बेसमध्ये काठोकाठ असावे लागते, कण पडणार नाहीत पण आणखी मावणारही नाही, इतपत. तेव्हाच ते बाहेर ढकलले जाते. त्यामुळे लेबलवर २ टक्के लिहिलेले जेल १ टक्क्याच्या जेलपेक्षा दुबळे निघू शकते.

लेबलवरच्या आकड्याचीच गोष्ट निघाली म्हणून एक खुलासा. बाजारातल्या बऱ्याच ट्यूबवर 'डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के' असे छापलेले असते. ते १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचे आहे. १६ टक्के जास्त औषध मिळाले असा अर्थ काढू नये. सोडियमऐवजी डायइथाइलअमाइनचा क्षार वापरण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. जेलला घट्टपणा देणारा कार्बोमर मिठाला फार हळवा असतो. सोडियमचे आयन वाढले की त्याची फुगलेली साखळी आकसते आणि जेल कढीसारखे पातळ पडते. पदार्थ बदलायचा तर हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोज घ्यावा. तो मिठाला तितका भीत नाही, पण त्याचे जेल कार्बोमरसारखे चकचकीत आणि झरझर पसरणारे होत नाही.

एक किलोची बॅच धरू. डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन ११.६ ग्रॅम, कार्बोमर ९८० दहा ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकॉल १०० ग्रॅम, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० ग्रॅम, बेन्झिल अल्कोहोल १० ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए अर्धा ग्रॅम, आंबटपणा मारायला ट्रायइथेनॉलअमाइन लागेल तसे आणि बाकी शुद्ध पाणी. हे घरी करायचे काम नाही, आणि परवान्याशिवाय विकायचे तर मुळीच नाही. चुका कुठे होतात ते कळावे म्हणून आकडे दिले. सहाशे ग्रॅम पाण्यात ईडीटीए विरघळवून स्टरर सुरू करायचा, पाण्याच्या भोवऱ्यात कार्बोमर चाळणीतून भुरभुरायचा. एकदम ओतला की बेसनाच्या गुठळ्या व्हाव्यात तशा गुठळ्या होतात, वरून ओल्या आणि आत कोरड्या. पुढे कितीही ढवळले तरी त्या सुटत नाहीत. भिजवण रात्रभर ठेवावे. सकाळी ते दुधट, पातळ आणि आंबट असते, पीएच ३ च्या आसपास.

बहुतेक बॅचेस इथेच बिघडतात. या आंबट भिजवणात औषधाचे द्रावण ओतले की डायक्लोफेनॅकचे आम्ल होऊन ते पाण्यातून खाली बसते. पातेल्यात पांढरट ढग उठतो. नंतर ट्रायइथेनॉलअमाइन घातले की ढग विरतो आणि करणाऱ्याला वाटते की सुटलो. पण सगळे कण परत विरघळत नाहीत. उरलेले कण बीज म्हणून काम करतात आणि दोन महिन्यांनी ट्यूबमधून वाळूसारखे खरखरीत जेल बाहेर येते. म्हणून आधी ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच साडेसहाच्या वर आणावा आणि मगच अल्कोहोल-ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले औषध बारीक धारेने सोडावे. दहा ग्रॅम कार्बोमर पीएच ७ पर्यंत आणायला पंधरा ग्रॅमच्या आसपास ट्रायइथेनॉलअमाइन लागते. शेवटचे दोन-तीन ग्रॅम थेंबाथेंबाने घालावे. पीएच ९ च्या पुढे गेला तर जेल पुन्हा सैल होते आणि कातडीलाही झोंबते. काटकसर म्हणून ट्रायइथेनॉलअमाइनऐवजी कॉस्टिक सोडा वापरणारे असतात. पाण्याच्या जेलला तो चालतो, पण अल्कोहोल वाढत गेले की कार्बोमरचा सोडियम क्षार विरघळलेला राहत नाही आणि जेल फाटते.

या क्रमाची किंमत म्हणजे हवेचे बुडबुडे. घट्ट झालेल्या जेलमध्ये द्रावण मिसळताना हवा अडकते आणि ती आपोआप वर येत नाही. बुडबुडे दिसतात वाईट, पण खरा तोटा वजनाचा होतो. भरण यंत्र आकारमानाने भरते, त्यामुळे ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये २८ ग्रॅम जाते. पातेल्याच्या भिंती खरवडत मंद फिरणारा अँकर स्टरर आणि वर व्हॅक्यूम, हा उपाय. वेगवान होमोजिनायझर लावला तर बुडबुडेही वाढतात आणि कार्बोमरच्या साखळ्या तुटतात. तुटलेल्या साखळ्या परत जुळत नाहीत, घट्टपणा कायमचा जातो.

कार्बोमरच्या नंबराबद्दलही सांगायला हवे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत अजून सर्रास ९४० किंवा ९३४ सापडतो. हे प्रकार बेन्झीनमध्ये तयार होतात आणि बेन्झीन कर्करोगकारक आहे. औषधातल्या उरलेल्या बेन्झीनची आंतरराष्ट्रीय मर्यादा दशलक्षात दोन भाग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये असे कार्बोमर बदलण्याबाबत मार्गदर्शन काढले. ९४० च्या जागी ९८० बसतो, घट्टपणा जवळपास तोच मिळतो. बाटली बदलण्याइतके सोपे काम आहे. केवळ जुन्या प्रबंधातली कृती उतरवून घेण्याच्या सवयीमुळे ते राहून जाते.

वनस्पतींच्या जेलचा आपल्याकडे विशेष सोस. विदर्भात सालई आहे, हळद आहे, भिवापूरची मिरची आहे आणि संत्री तर आहेतच. चारही गोष्टींत तथ्य आहे, पण प्रत्येकीची खोड वेगळी. सालईच्या डिंकातला ज्याचा बोलबाला आहे तो बॉसवेलिक आम्लाचा रेणू ५१२ डाल्टनचा, शिवाय तेलकट. म्हणजे वर सांगितलेल्या ५०० च्या रेषेपलीकडे. नुसता डिंकाचा अर्क कार्बोमरमध्ये कालवून तो गुडघ्यात पोचत नाही. हळदीतला कर्क्युमिन ३६८ डाल्टनचा, आकाराने बरा. पण किंचित अल्कलीत तो तग धरत नाही, पीएच ७.४ ला पाण्यात तो मिनिटांच्या हिशेबाने मोडत जातो. असे असूनही कर्क्युमिनचे जेल कार्बोमरमध्ये करून पीएच सातावर नेलेले प्रकल्प दरवर्षी दिसतात. पिवळा रंग राहतो म्हणून औषध राहिले असे समजतात. त्याला सेल्युलोजचा बेस आणि पाचच्या आसपासचा पीएच द्यायला हवा. साडीला आणि चादरीला पडणारे डाग हा मग वेगळा विषय.

मिरचीत मोजमापाला सर्वांत जास्त महत्त्व. कॅप्सेसिनच्या जेलमध्ये ०.०२५ टक्के मात्रा असते, म्हणजे एका किलोला अवघे २५० मिलिग्रॅम. मिरचीचा तेलकट अर्क वापरला आणि त्यातल्या कॅप्सेसिनचे प्रमाण मोजले नाही, तर पाच-दहा पटींची चूक सहज होते आणि गुडघ्याला फोड येतात. बरोबर मात्रेतही पहिले आठवडा-दोन आठवडे आग होते. दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावल्यावर तिथल्या मज्जातंतूंची टोके हळूहळू बधिर होतात आणि मग कळ कमी होते. दुखेल तेव्हा लावायचे हे औषधच नाही. हे लेबलवर नसेल तर माणूस दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकून देतो.

संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. तो कातडीच्या चरबीची रचना सैल करतो, त्यामुळे दुसऱ्या औषधाला वाट मिळते. रस काढल्यावर उरणाऱ्या सालीला किंमत मिळवून द्यायची तर हा मार्ग चांगला आहे. मात्र लिमोनीन हवेत उघडा राहिला की ऑक्सिजन धरतो आणि त्यातून बनणारे हायड्रोपेरॉक्साइड कातडीला ॲलर्जी आणतात. ताजे तेल, अँटिऑक्सिडंट, काठोकाठ भरलेली गडद बाटली आणि वापरण्याआधी पेरॉक्साइडची चाचणी, हे जमत नसेल तर संत्र्याच्या वाटेला न गेलेले बरे. जवसाच्या तेलाचीही हीच तऱ्हा. अनेक वेदनाशामक जेलमध्ये ते ३ टक्के असते आणि उष्णतेने खवट होणाऱ्या तेलांत ते पुढे आहे. ट्यूब उघडताच जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ती वापरू नये.

चाचण्यांबद्दल आमची तक्रार जुनी आहे. जेलमधून औषध सुटते का, हे फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या छोट्या भांड्यात पाहतात. वर जेल, मध्ये पडदा, खाली बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), भोवती गरम पाण्याचे जॅकेट. तापमान कातडीच्या पृष्ठभागाइतके, म्हणजे ३२ अंश हवे. पण ३७ ला केलेल्या चाचण्या ढिगाने सापडतात आणि त्यांचे आकडे फुगलेले असतात. पडद्याखाली बुडबुडा राहिला तर तेवढी जागा बाद होते. सेल तिरका करून तो काढायचा असतो आणि दर नमुन्यानंतर पुन्हा पाहायचा असतो. त्याहून मोठी चूक मात्रेची. १५ मिलिमीटर तोंडाच्या सेलचे क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३०० मिलिग्रॅम जेल थापतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १७० मिलिग्रॅम. गुडघ्यावर ४ ग्रॅम जेल ४०० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर पडतात १० मिलिग्रॅम. सतरा पट जाड थर आणि वरून झाकण! खऱ्या गुडघ्यावर काही मिनिटांत अल्कोहोल उडते, औषध क्षणभर काठोकाठच्याही वर जाते, कातडीत जोराने शिरते आणि मग उरलेले कण धरून बसते. या सगळ्या नाट्याचा त्या सेलमध्ये पत्ताच लागत नाही. जाड थराची चाचणी एका बॅचची दुसऱ्या बॅचशी तुलना करायला योग्य आहे. गुण येईल की नाही हे सांगायला पातळ थर आणि खरी कातडी हवी, माणसाची नाहीतर डुकराच्या कानाची.

उंदराच्या पायाच्या चाचणीचेही असेच. सूज आणणाऱ्या कॅरॅजीननच्या एक टक्का द्रावणाचे ०.१ मिलिलिटर पंजात टोचून तीन-चार तास सूज मोजतात. ही तात्पुरती सूज आहे, संधिवात नाही. शिवाय उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा जास्त झिरपू देते आणि पंजाची जाडी ती किती! 'संधिवातावर गुणकारी' असा मथळा या चाचणीवर देणे म्हणजे फुटाळा तलावात पोहून समुद्र पार केल्याचे सांगणे. किमान काही आठवडे चालणारे सांधेदाहाचे प्रारूप आणि शेजारी बाजारातले प्रमाणित जेल व नुसता बेस, असे गट हवेत. नुसत्या बेसचा गट तर सर्वांत आधी गाळला जातो.

आता उन्हाळा. औषधांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या आपल्या नियमांनुसार ३० अंशांना बारा महिने आणि वेगवान म्हणून ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने होतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे प्रयोगशाळा ज्याला वेगवान म्हणते, ती इथली सकाळी अकराची हवा. टिनाच्या छपराखालचे गोदाम आणि उन्हात उभी मालगाडी यांचे तापमान तर आणखी वर. दुसरी बाब कोणाच्या लक्षात येत नाही ती आर्द्रतेची. चाचणीच्या कपाटात ७५ टक्के ओल असते, म्हणून प्लास्टिकच्या ट्यूबमधून पाणी जवळपास उडत नाही. आपला मे कोरडा ठणठणीत. कूलर त्याच भरवशावर चालतात. पाणी झिरपू देणाऱ्या पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ४० अंश आणि २५ टक्क्यांहून जास्त नाही अशा कोरड्या हवेत तीन महिने ठेवण्याची वेगळी चाचणी आहे आणि पाण्याची ५ टक्के घट झाली की तो लक्षणीय बदल धरतात. विदर्भात विकायच्या प्लास्टिक ट्यूबसाठी हीच चाचणी खरी. पाणी कमी झाले की औषध कण धरते, कार्बोमर रबरासारखा होतो आणि चोळताना बोटाखाली मळासारख्या वळकट्या निघतात. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असेल तर तेही प्लास्टिकमधून निसटते, कधी ट्यूबच मऊ पाडते. आतून लाखेचा थर दिलेली ॲल्युमिनियमची ट्यूब आणि मागे नीट दुमडलेली शेपटी हा जुना उपाय आजही चांगला. पारदर्शक डबीत तर जेल भरूच नये, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी कार्बोमर पातळ पडतो.

उन्हाचा आणखी एक धोका केटोप्रोफेनच्या जेलचा. हे औषध कातडीत असताना ऊन लागले तर लाल चट्टे आणि फोड येऊ शकतात. वापरताना आणि बंद केल्यावर दोन आठवडे तो भाग झाकायचा असतो. युरोपात २०१० च्या फेरतपासणीनंतर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आले. आपल्या उन्हात, आणि हाफ पँट घालून फुटाळ्याला फिरायला जाणाऱ्यांच्या शहरात, ही सूचना पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात असून भागत नाही.

थंड वाटणे म्हणजे सूज उतरणे असा सार्वत्रिक समज आहे. मेन्थॉल थंडीचा मज्जातंतू डिवचते, त्यामुळे कळ मागे पडते. सूज तिथेच असते. आपल्याकडच्या मिश्रणांत मेन्थॉल ५ आणि मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा औषधांनी कातडी भाजल्याच्या घटनांबाबत इशारा दिला होता. गंभीर प्रसंग मुख्यतः ३ टक्क्यांवर मेन्थॉल किंवा १० टक्क्यांवर मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या औषधांचे होते. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवणे किंवा क्रेप बँडेज आवळणे म्हणजे आगीत तेल. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सॅलिसिलेटचे जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. ॲस्पिरिनने दमा उठणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वेदनाशामकाचे कोणतेच जेल स्वतःहून लावू नये.

नॅनोजेलच्या, म्हणजे औषध अतिसूक्ष्म कणांत भरलेल्या जेलच्या, बातम्यांना सध्या मान आहे. वाचकांना एवढे माहीत असावे की औषध मंजूर असले तरी ते पोचवण्याची नवी पद्धत केंद्राच्या नव्या औषधांबाबतच्या २०१९ च्या नियमांनुसार नवे औषध धरली जाते. तिला केंद्रीय परवानगी आणि माणसांवरच्या चाचण्या लागतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या परवान्यावर ती बाजारात येत नाही. 'लवकरच उपलब्ध' हे शब्द छापण्याआधी बातमीदाराने हे विचारावे.

राहिला मात्रेचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत जास्त औषध वाया जाते ते इथे. १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियम जेलची अमेरिकेतली मंजूर मात्रा गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. हाताच्या सांध्याला २ ग्रॅम, चार वेळा. सगळ्या सांध्यांचे मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर नाही. आपल्याकडे लोक हरभऱ्याच्या दाण्याएवढे लावतात, म्हणजे पाव ग्रॅम. सोळावा हिस्सा लावून 'जेलने काही होत नाही' म्हणतात आणि गोळीकडे वळतात. ३० ग्रॅमची ट्यूब पूर्ण मात्रेत एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही, हे खरे कळले तर किमतीचा प्रश्न उभा राहील. तो राहू द्यावा, आणि कारखान्यांनी १०० ग्रॅमची स्वस्त ट्यूब काढावी. लेबलवर 'आवश्यकतेनुसार लावा' असे छापणे ही मात्रा नव्हे.

मात्रा सेंटिमीटरमध्ये छापायची तर ट्यूबच्या तोंडाचा व्यास ठरवावा लागतो. तोंड ५ मिलिमीटरचे असेल तर ४ ग्रॅमला साधारण २० सेंटिमीटर लांब पट्टी लागते. ३ मिलिमीटरचे असेल तर अर्ध्या मीटरहून जास्त. तेवढे कोणी पिळत बसणार नाही. ७ मिलिमीटरच्या तोंडाला साडेदहा सेंटिमीटर पुरते. म्हणून तोंड रुंद करावे आणि पाकिटात त्या लांबीच्या दोन रेघा छापलेले प्लास्टिकचे कार्ड द्यावे, एक गुडघ्याची आणि एक हाताची; वापरून झाले की कार्ड धुऊन ठेवायचे. मराठीत सूचना हव्यात: फुटलेल्या कातडीवर नको, रगडायचे नाही, हलक्या हाताने सगळ्या गुडघ्याभोवती पसरायचे, दहा मिनिटे कपडा लागू द्यायचा नाही, तासभर पाणी नाही. गुडघ्याला लावले असेल तर हात लगेच धुवायचे, आणि बोटांच्या सांध्यांना लावले असेल तर तासभर हात धुवायचे नाहीत, म्हणजे कणीक मळायच्या आधी लावून उपयोग नाही.

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, नागपूर